माशांच्या तळ्याचं पाणी आणि आत्याबाईंची भाजी

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. बारामतीहून इंदापूरकडं जाताना भवानीनगर मागं पडलं, की कालव्याच्या अंगाला सरकारनं मासे वाढवायची तीन तळी खणली होती. एकेक तळं आमच्या काटेवाडीच्या खळ्याएवढं आणि पुरुषभर खोल. त्यांची देखभाल माझ्या यजमानांकडं होती. तळ्यांच्या वर, चढावर, आम्हाला राहायला दोन खोल्या मिळाल्या होत्या. शेजार नव्हता. रस्त्यानं उसाच्या गाड्या जायच्या. वारं फिरलं की कारखान्याच्या मळीचा वास यायचा, आणि वारं पडलं की तळ्यांचा.

मी माळकऱ्यांच्या घरातली. सासरही माळकरीच. यजमान सातवी पास झाल्यावर त्यांनी शाळेत, कालव्यावर, कचेरीत, जिथं जमेल तिथं अर्ज केले होते. मिळाली ती नोकरी माशांची. या माणसानं जन्मात मासा तोंडात घातला नव्हता. पण पावसाळ्यात कलकत्त्याकडून आगगाडीनं पिल्लांचे डबे यायचे, तेव्हा हे दौंडला जाऊन ते उतरवून घ्यायचे आणि तिथून बारामतीपर्यंत छोट्या गाडीत डब्यांना चिकटून बसायचे. पिल्लं गुदमरू नयेत म्हणून सगळ्या वाटेत हातानं पाणी हलवत राहायचे. घरी आले की त्यांना हात खांद्यापासून उचलता येत नसे. मी भाकरीचा तुकडा मोडून ताटात ठेवायची.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की आता औषधापेक्षा खाण्याकडं बघा. मऊ भात, दूध, रोज पालेभाजी. रोज पालेभाजी, हे ते किती सहज बोलून गेले. बाजार आठवड्यातून एकदा, तोही लांब. दारात विहीर होती, पण तिचं पाणी मचूळ. त्यात डाळ शिजत नसे, त्यावर काही उगवत नसे. प्यायचं पाणी मी अर्ध्या मैलावरच्या मळ्यातल्या विहिरीवरून डोक्यावर आणायची. त्यातलं भाजीला घालायचं म्हणजे अजून चार खेपा. त्या माझ्याच्यानं होण्यासारख्या नव्हत्या. पहाटे उठून आत्याबाईंचं अंथरूण बदलायचं, त्यांना पुसायचं, धुणं, पाणी, भाकरी, परत त्यांना कुशीवर करायचं. वीस वर्षांची होते मी, पण दुपारी भिंतीला टेकले की उठताना जमिनीला हात लावून उठायची.

कालव्याला पाण्याची पाळी आली, की यजमान एकेका तळ्याच्या तळाचं लाकडी बूच काढून तिसरा हिस्सा पाणी सोडून द्यायचे आणि वरून कालव्याचं ताजं पाणी भरून घ्यायचे. सोडलेलं पाणी खालच्या अंगाला एका मोठ्या खड्ड्यात जाऊन साचायचं. हिरवं-काळं, वर फेस, माशांची घाण, कुजलेली पेंड आणि शेण. शेण यजमानच तळ्यात टाकायचे. त्यानं पाण्यात माशांचं खाद्य तयार होतं असं त्यांना शिकवलेलं होतं. त्या खड्ड्याकडं मी कधी फिरकत नसे. पदर नाकाला लावून लांबून जायची.

एक दिवस वाळत घातलेला लुगड्याचा तुकडा वाऱ्यानं उडून खाली गेला. तो आणायला गेले तर खड्ड्याच्या काठाला तांदुळजा माजलेला. कुणी पेरला नव्हता. पानं तळहाताएवढी, देठ करंगळीएवढे जाड. आजूबाजूला सगळं पांढरं पडलेलं रान, आणि तेवढा पट्टा हिरवागार. मी बराच वेळ तिथं उभी होते. मग ओटीभर खुडला, मळ्यातल्या पाण्यानं तीनदा धुतला, आणि लसूण घालून परतला. आत्याबाईंनी भाताबरोबर सगळा खाल्ला.

दोन दिवसांनी परत गेले, तर रस्त्यानं जाणाऱ्या शेळ्यांनी सगळा फस्त केलेला. ती जागा कालव्याची, तिथं काट्यांचं कूप घालायला परवानगी नव्हती. म्हणून मी ठरवलं, की भाजी खाली नेता येत नाही तर पाणी वर आणायचं. पाण्याला चारी काढावी तर उतार उलटा. राहिले ते हात. रॉकेलचे दोन रिकामे डबे घेतले, यजमानांनी त्यांना आडवी लाकडं ठोकून दिली, आणि मी घराच्या मागं चार वाफे केले. डोक्यावरून आणता आलं असतं, पण ते पाणी केसांत सांडलं तर रात्रभर स्वतःचाच वास येई. म्हणून दोन हातांत दोन डबे, आणि चढ.

पहिल्यांदा माझी चूकच झाली. पाणी जितकं काळं तितकं चांगलं, असं मला वाटलं. मी खड्ड्याच्या तळचा गाळच उपसून मेथीच्या वाफ्यात ओतला. चौथ्या दिवशी मेथी पिवळी पडली, सहाव्या दिवशी आडवी झाली. उपटून बघितलं तर मुळं काळी, आणि मातीवर पांढरी बुरशी. मी तिथंच वाफ्याच्या कडेला बसून राहिले. रडायलाही ताकद लागते.

आमच्या घरावरून एक म्हातारे बागाईतदार बैलगाडीनं बारामतीच्या बाजाराला भाजी न्यायचे. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. बैलांना पाणी दाखवायला ते आमच्या दारात थांबत. त्यांनी मेथीचा वाफा बघितला, माती हातात घेऊन हुंगली आणि विचारलं, "काय घातलं व्हतं?"

मी सांगितलं.

"ताजा गाळ हाय त्यो. त्यात उष्णता असती. त्यो वर काढून उनात वाळव, मग चुरून माती करून घाल. आन् पानी उलीसं निवळू दे. वरचं हिरवं पानी घे. त्येच्यात निम्मं हिरीचं मिसळ."

"हिरीचं मचूळ हाय, तात्या."

"ह्येच्यात मिसळलं की येवढं बाधायचं न्हाय. आन् पानावर टाकू नगंस. बुडाला घाल. पानावर टाकशील तर खायच्या भाजीला वास लागंल."

मी तसंच करत गेले. खड्ड्यातलं पाणी दोन दिवस निवळू द्यायचं, वरवरचं घ्यायचं, एका डब्याला एक डबा विहिरीचं. फुटक्या मडक्याच्या खापरीनं प्रत्येक रोपाच्या बुडाशी. आठ खेपा सकाळी, आठ खेपा ऊन उतरल्यावर. तळव्यांना आधी फोड आले, मग घट्टे पडले. भाकरी थापताना हाताला तो वास यायचा. राख लावून घासले, चिंच लावून घासले, तरी बारीक वास राहायचाच. पण महिनाभरात पालक आला, चाकवत आला, माठ आला. अशी भाजी मी काटेवाडीत माझ्या वडिलांच्या मळ्यातसुद्धा बघितली नव्हती. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर थोडं रक्त दिसायला लागलं. डावा हात टेकून त्या उठून बसू लागल्या. एकदा त्यांनी मला विचारलं, "कुठलं गं पानी ह्येला?"

मी भाजी निवडत होते. वर न बघता म्हटलं, "कालव्याचं."

ते अगदीच खोटं नव्हतं. पाणी मुळात कालव्याचंच होतं. पण त्यांनी काय विचारलं होतं ते मला कळलं होतं.

संक्रांतीला माझी नणंद बारामतीहून एसटीनं आली. यजमानांची थोरली बहीण ती, मी तिला वन्सं म्हणायची. स्वभावानं कडक, पण आईवर जीव. ती आली तेव्हा मी नेमकी दोन डबे घेऊन चढ चढत होते. तिनं नाकाला पदर लावला, डब्यांत डोकावली, मग वाफ्यांकडं बघितलं. आत गेली. मी डबे खाली ठेवेपर्यंत आतून तिचा आवाज आला.

"आई, तुला काय खायला घालत्यात ठाव हाय का? माशाच्या घाणीवरची भाजी हाय ती. तीस वर्सं गळ्यात माळ घातलीस, आन् आता ह्ये."

मी दारात उभी राहिले. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी मान भिंतीकडं वळवली.

त्यानंतर पाच दिवस त्यांनी माझ्या हातची भाजी घेतली नाही. दूध घ्यायच्या, भाकरीचा पापुद्रा दुधात मऊ करून घ्यायच्या. मी अंथरूण बदलताना अंग सैल सोडायच्या, पण माझ्याकडं बघायच्या नाहीत. मला त्यांचा राग आला होता, हे मी आज लपवून काय करू. माझ्या हातांचे घट्टे त्यांना दिसत नव्हते का? कोण करतं एवढं? वन्सं तर दुसऱ्याच दिवशी परत गेली होती. यजमानांना मी म्हटलं, "तुम्ही समजावा." ते म्हणाले, "आईला समजावणारा अजून जन्माला यायचाय." आणि पेंड भिजवायला निघून गेले.

सहाव्या दिवशी दुपारी मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. त्या बोलल्या. एकेक शब्द जुळवायला त्यांना वेळ लागायचा, म्हणून मी हात थांबवून ऐकत राहिले.

"पानी घान हाय म्हनून मी रागावले न्हाय. शेनखताचं खाल्लंच की जलमभर."

"मग कशापायी, आत्याबाई?"

"तू मला इचारलं न्हाईस. आता मला कुनीच काय इचारत न्हाय. उचलत्यात, ठेवत्यात, पुसत्यात, भरवत्यात. माळ तेवढी माझी व्हती. तिचं काय करायचं त्ये मी ठरवायचं."

माझ्या सगळ्या कष्टांत ही गोष्ट कधी मनातच आली नव्हती. मी म्हटलं, "चुकलं माझं." त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "मला त्ये तळं दाव."

दुसऱ्या दिवशी यजमानांनी आणि मी त्यांना बाजेसकट उचलून खाली नेलं. उतार होता, दोनदा थांबून दम घेतला. तळ्याच्या काठाला बाज ठेवली. यजमानांनी पेंडीची मूठ टाकली आणि पाणी उकळल्यासारखं हललं, लाल-रुपेरी पाठी वर आल्या. आत्याबाई किती तरी वेळ बघत होत्या. त्यांनी लेकाला विचारलं, "कशाला वाढवतूस ह्यांना?"

"मोठी झाली की पाझर तलावात सोडायची, आई. मग लोक धरत्यात."

"खायला?"

"व्हय."

"तुला कसं वाटतं रं?"

यजमान पाण्याकडं बघत म्हणाले, "हितं असत्यात तवर जगत्यात. त्येवढंच माझं काम." त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी त्यांना कधी असं विचारलं नव्हतं.

मग आम्ही त्यांना खड्डा दाखवला, वाफे दाखवले. मी वाळवलेला गाळ हातात चुरून दाखवला, त्याला आता वास नव्हता. त्यांनी तो बोटांनी दाबून बघितला. म्हणाल्या, "इचार करून सांगते."

चार दिवस त्यांनी विचार केला. कुणी कचेरीत निकालाची वाट बघावी तशी मी वाट बघत होते. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "जमिनीला टेकलेलं मला नगं. त्येच्या पानाला त्ये पानी लागनारच. येलावर वर लोंबल त्ये खाईन. दोडका, घोसाळी, कारली."

"त्यालाबी तेच पाणी घालावं लागंल, आत्याबाई."

"ठाव हाय. पर वर चढस्तोवर त्येचं काय तरी दुसरं व्हत आसंल. माझ्या बुद्धीला एवढंच पटतंय."

मला हसू आलं आणि थकवाही आला. हातातोंडाशी आलेला पालक, माठ त्यांच्यासाठी बाद. आता मांडव घालायचा. यजमानांनी बाभळीच्या मेढी आणल्या, मी तुरीच्या वाळल्या काट्या जमवल्या, दोघांनी सुंभानं बांधल्या. दोडक्याच्या बिया तात्यांनी दिल्या. वेल मांडवावर चढून फळ धरायला दोन महिने लागणार होते. ते दोन महिने आत्याबाई मुगाच्या वरणावर राहिल्या, आणि मी त्यांनी नाकारलेल्या आणि अजून न आलेल्या, दोन्ही भाज्यांना पाणी घालत राहिले. पालेभाजी आम्ही दोघं खायचो, उरलेली तात्यांच्या गाडीवर द्यायची. ते ती घरी नेत; बाजारात न्यायचे नाहीत. म्हणायचे, "गिऱ्हाइकानं इचारलं तर मला खोटं बोलता येत न्हाय."

शिमग्यानंतर दोडका लागला. आत्याबाईंना मी पहिला दोडका मांडवावरच दाखवला, दाराशी बाज ओढून. मग तोडला. त्यांनी त्याची भाजी आणि शिरांची चटणी दोन्ही खाल्लं. आणि वाटी पुसून घेतली.

चैत्र संपता संपता कालवा बंद झाला. कुठं तरी भराव खचला होता, दुरुस्ती चालू होती. पाळी कधी येणार ते कुणालाच सांगता येईना. तळ्यांतलं पाणी रोज थोडं थोडं उतरत होतं आणि हिरवं घट्ट होत होतं. बदलायला ताजं पाणी नाही, म्हणून जुनं सोडता येत नव्हतं, म्हणून खालचा खड्डा कोरडा. यजमानांनी मला बजावलं, "आता तळ्यातनं एक थेंब काढायचा न्हाय. येल गेला तर जाऊ दे."

मी "बरं" म्हटलं. मळ्यातल्या विहिरीचं पाणीही खोल गेलं होतं. मळेवाले आम्हाला प्यायला दोनच घागरी द्यायचे. वेलाची पानं दुपारी लोंबायला लागली. मांडवावर बारीक दोडके होते, अजून बोटाएवढे. मला आत्याबाईंची रिकामी वाटी दिसत होती.

यजमान रोज दुपारी सायकलवरून कालव्याच्या कचेरीत पाण्याची चौकशी करायला जात. ते गेले, की मी सगळ्यात जवळच्या, धाकट्या तळ्यावर जायची आणि चार डबे भरून आणायची. अकरा दिवस नेले. पाणी मुरल्यावर वाफ्यावर कोरडी माती भुरभुरायची, म्हणजे ओल दिसू नये.

बाराव्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं होतं. वारं अजिबात नव्हतं. उजाडतानाच यजमानांनी मला हाक मारली. असा आवाज त्यांनी कधी काढला नव्हता. मी धावत गेले. धाकट्या तळ्यात सगळे मासे वर आले होते, तोंडं पाण्याबाहेर काढून उघडझाप करत होते. शेकडो तोंडं, आणि आवाज म्हणजे नुसता पुटपुट-पुटपुट. यजमान कपड्यांनिशी पाण्यात उतरले आणि बाभळीच्या फांदीनं पाणी झोडपायला लागले. मीही लुगडं खोचून उतरले. कमरेएवढं पाणी, खाली गुडघाभर गाळ. आम्ही दोघं हातांनी, डब्यांनी, फांद्यांनी पाणी हलवत होतो, उडवत होतो. किती वेळ ते सांगता येणार नाही. माझे हात आपोआप चालत होते. मासे पायांना धडकायचे, मग धडकायचे बंद झाले. ऊन वर आलं तेव्हा पांढरी पोटं सगळ्या तळ्यावर पसरली होती. यजमान थांबले. मी हात हलवतच होते. ते म्हणाले, "बास कर आता. गेली सगळी."

दुसरी दोन तळी वाचली.

आम्ही काठावर बसलो. अंगावरचा चिखल वाळून तडकत होता. मी त्यांना सांगितलं. चार डबे, अकरा दिवस, याच तळ्यातनं. माती भुरभुरली तेही सांगितलं.

ते उठून पाणी मोजायची काठी घेऊन तळ्यात गेले, खूण बघितली, परत आले. म्हणाले, "चार डब्यांनी बोटभरबी पाणी उतरत न्हाय. आभाळ आलं, वारं पडलं. पाण्यातली हवा संपली. तू नेलं नसतंस तरी गेली असती."

"मग माझ्या मनाला का खातंय?"

"चोरून नेलंस म्हणून."

एवढंच बोलले. परत त्यावरून एक शब्द त्यांनी कधी काढला नाही. तिसऱ्या दिवशी पुण्याहून साहेब आले. त्यांनी काठावर फिरून बघितलं, पाणी बाटलीत भरून घेतलं, काय काय लिहून घेतलं. यजमानांनी आभाळाचं आणि वाऱ्याचं सांगितलं. माझं सांगितलं नाही. मी चहा घेऊन गेले तेव्हा बशीत चहा सांडला. साहेब म्हणाले, "असू द्या बाई, उन्हाळा सगळीकडेच वाईट आहे." भला माणूस होता. ते बाटलीतलं पाणी काय बोललं, ते आम्हाला कधी कळलं नाही. आजही मला ठाऊक नाही, की बोटभर पाण्यानं काय होतं आणि काय होत नाही.

पण ते साहेब येण्याआधीचं, मेल्या माशांचं सांगायचं राहिलंच. ताजे होते तेवढे रस्त्यानं जाणाऱ्या ऊसतोडीच्या लोकांनी नेले. उरलेले दुपारपर्यंत वास मारायला लागले. पुरायला हवे होते, आणि मऊ माती फक्त आमच्या परसात होती. या वेळी मी आधी आत गेले.

"आत्याबाई, मासं मेलं. परसात पुरावं लागणार. पुरू का?"

त्यांना सगळा गलका ऐकू आला होता. त्यांनी विचारलं, "लई हायती?"

"लई हायती."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "माझ्या येलापासनं लांब पुरा. तितलं मला देऊ नगा. तुमी खा." आणि थोड्या वेळानं, "हात पाय धू. तापानं पडशील."

पुढं पावसाळा आला. ज्या बाजूला मासे पुरले होते तिथं भोपळ्याचा एक वेल आपणहून आला आणि कूप ओलांडून रस्त्यापर्यंत गेला. एवढे भोपळे लागले की तात्या गाडी थांबवून बघायला आले, आणि खाली वाकून देठ चाचपत राहिले. वन्सं आईला बघायला आली होती. तिनं विचारलं, "कुठल्या पाण्यावरचं?" मी सगळं सांगितलं, पुरलेल्या माशांसकट. तिनं ऐकून घेतलं. जाताना दोन भोपळे पिशवीत घातले आणि म्हणाली, "माझ्या घरी माळ न्हाय कुनाला."

आत्याबाईंच्या वेलाला शेवटपर्यंत दोडके येत राहिले, पण श्रावणात त्यांना दुसरा झटका आला आणि मग त्यांना गिळताच येईना. मी दोडक्याचं पाणी काढून कापसाच्या बोळ्यानं ओठांना लावून बघायची. आधी विचारायची, "लावू का?" पापणी हलली तर लावायची. भादव्यात त्या गेल्या. गळ्यातली माळ त्यांच्याबरोबर दिली.

त्यानंतर दहा-पंधरा दिवस ऊन उतरलं की मी डबे उचलायची आणि अर्ध्या चढावर आल्यावर ध्यानात यायचं, की आता एवढ्या खेपांची गरज नाही. तरी पाणी आणलेलं आहे म्हणून घालायची. मग एक दिवस आणलं नाही. मांडव वाळला तेव्हा यजमानांनी मेढी काढून सरपणाला लावल्या.

पुढल्या वर्षी त्यांची बदली पुण्याच्या बाजूला झाली. तिथं कागदाचं काम होतं, मासे नव्हते. राहायला एक खोली, आणि दारात नळ. सकाळी नळ सोडला की स्वच्छ पाणी भांड्यात पडायचं. पहिल्या दिवशी मी भांडं भरून वाहून जाईपर्यंत नुसती बघत राहिले. मोरीचं पाणी मागच्या गल्लीत जायचं, तिथं हातभर मोकळी जागा होती.

यजमान एकदा म्हणाले, "तिथं अळू लाव की. मोरीच्या पाण्यावर मस्त येईल."

मी म्हटलं, "बघू."

त्यांनी परत दोन-तीनदा आठवण केली. नंतर तेही विसरले. तिथं आम्ही सहा वर्षं राहिलो. मी काही लावलं नाही.